आत्याबाई गवताला गेल्या होत्या

ओल्या चादरीचं एक टोक माझ्या हातात होतं आणि दुसरं आत्याबाईंच्या. पीळ भरत आला होता, पाणी फरशीवरून मोरीकडे धावत होतं, आणि तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. बुटांना चिखल लागू नये म्हणून पाय उचलून टाकत एक तरुण गृहस्थ आत आले. पर्यटन समितीचे नवे सेक्रेटरी. हे गृहस्थ आमच्या गावात येऊन अजून एक हिवाळाही झालेला नाही, पण गाव यांनीच वसवलं अशा थाटात बोलतात.

"भाऊ आहेत का घरी?"

"गाडी घेऊन गेलेत," मी म्हटलं. "पॉइंट दाखवायला."

आमचे हे पर्यटकांची जीप चालवतात. सकाळी लॉजवरून माणसं उचलायची, धबधबा, तळं, गुहा, दरी असं दिवसभर फिरवायचं, सूर्यास्त दाखवून परत आणून सोडायचं. गावातली निम्मी घरं याच्यावर चालतात आणि उरलेली निम्मी त्या पर्यटकांच्या चादरी, खोल्या आणि चहावर. आम्ही दोन्हींकडचे. हे गाडीवर, आणि मी व आत्याबाई लॉजच्या चादरींवर.

"मग निरोप द्या," सेक्रेटरी म्हणाले. "रविवारी उडी पॉइंटवर उद्घाटन. पुतळा बसवतोय आपण. हात पसरलेली मुलगी, केस वाऱ्यावर. शेजारी उभं राहून फोटो काढता येईल असा चौथरा. आणि खाली मोठी पाटी. पाटीसमोर उभं राहून भाऊंनी गोष्ट सांगायची. आमच्या सगळ्या ड्रायव्हरांत तेच सर्वात सुंदर सांगतात हो! बायका रडतात ऐकताना."

असं म्हणून त्यांनी फोन काढला आणि पाटीचा मजकूर वाचून दाखवला. एक निष्पाप मुलगी, तिचं रस्ता मोजायला आलेल्या परक्या तरुणावर प्रेम, घरच्यांचा विरोध, मग या कड्यावरून उडी. अजूनही सांजवेळी दरीतून तिची हाक ऐकू येते. आणि सगळ्यात वर, ठळक अक्षरांत, त्या मुलीचं नाव.

ते नाव मी इथे लिहिणार नाही. आत्याबाईंचं आहे ते. त्यांच्या आईने लाडाने ठेवलेलं.

चादरीचं दुसरं टोक एकदम सैल झालं. धुतलेली चादर सरळ चिखलात.

"अहो," आत्याबाई म्हणाल्या, "ही मेली कधी?"

"कोण, आजी?"

"हीच. पाटीवरची."

"फार जुनी गोष्ट आहे. तुम्हीसुद्धा तेव्हा लहान असाल."

"हो," आत्याबाई म्हणाल्या. "बरोबर तिच्याएवढीच होते."

सेक्रेटरी हसले. म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्याला हसतात तसं. पाय उचलत उचलत निघूनही गेले. आत्याबाईंनी वाकून चादर उचलली आणि म्हणाल्या, "ही परत साबणात घालावी लागेल." पुढे संध्याकाळपर्यंत एक अक्षर बोलल्या नाहीत. राग आला की त्या बोलत नाहीत, कपडे आपटतात. त्या दिवशी धोपटण्याचा आवाज शेजारच्या गल्लीपर्यंत गेला असेल.

मी रोज सकाळी देवाजवळ दिवा लावून झाला की या वहीत चार ओळी लिहिते. बहुतेक वेळा कोण आजारी, कोणाकडे बाळ झालं, देवाकडे काय मागितलं, एवढंच. आज चार ओळींत मावणार नाही. एका जिवंत बाईला गावाने मारून, वर तिचं भूत करून दरीत फिरायला लावलंय, आणि ते भूत आमच्या अंगणात चादरी धुतंय. देवाने मला शांत राहायला शिकवलंय हे खरं. पण देवालाही यात शांत राहणं जमलं नसतं.

आत्याबाई म्हणजे ह्यांच्या वडिलांची धाकटी बहीण. सासूबाई लवकर गेल्या, तेव्हापासून ह्यांना आत्याबाईंनीच वाढवलं. स्वतः लग्न केलं नाही. केलं नाही म्हणजे, होऊ दिलं नाही गावाने. उजवा पाय किंचित ओढत चालतात आणि आवाज फाटका, चिरकलेला. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं बाई भांडतेय. मलाही नवी सून म्हणून आले तेव्हा वाटलं होतं. पुढे कळलं की भांडत असतात तेव्हा त्या गप्प असतात.

आता खरं काय घडलं ते लिहिते. मला ते आत्याबाईंनी इस्त्री करता करता सांगितलेलं आहे, आणि सासऱ्यांनीही, जाण्यापूर्वी.

घरी गाय होती. आत्याबाई लग्न ठरलेली मुलगी. सकाळी विळा घेऊन कड्याच्या उतारावर गवताला गेल्या. रोज जायच्या, त्या दिवशीही गेल्या. गवत दवाने ओलं होतं. पाय सटकला. त्या घसरत जाऊन खालच्या एका खडकाच्या फळीवर पडल्या आणि पाय मोडला. वर येता येईना. दिवसभर ओरडल्या, दुसऱ्या दिवशीही ओरडल्या. शेवटी लाकूडतोड्यांना आवाज गेला आणि त्यांनी दोर टाकून वर काढलं. पाय वाकडा बसला आणि आवाज जो गेला तो परत पूर्ण आलाच नाही.

एवढंच. यात प्रेम नाही, विरोध नाही, उडी नाही. गाय आहे आणि गवत आहे.

पण गाव म्हणालं, लहानपणापासून ज्या उतारावर पोरगी नाचते तिथून ती पडेल कशी? मग उडीच मारली असणार. उडी मारली तर कोणासाठी? त्या दिवसांत रस्त्याची मोजणी करायला बाहेरून एक तरुण आला होता. झालं. आत्याबाई म्हणतात, "अगं, मी त्याचं तोंडसुद्धा पाहिलं नव्हतं. त्याची छत्री पाहिली होती, लांबून." छत्रीवरून मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं! मुलाकडच्यांनी निरोप पाठवला की उडी मारणारी सून आम्हाला नको. तो मुलगा पुढे दुसरीकडे सुखाने नांदला. त्याची नातवंडंसुद्धा आता पॉइंट बघायला येत असतील, आणि रडत असतील गोष्ट ऐकून.

ही गोष्ट पॉइंटवर कशी जाऊन बसली, तेही लिहायला हवं. नाहीतर कोणाला वाटेल की लोककथा वगैरे आहे. जुन्या गाड्या तळ्यापासून वर चढल्या की तापायच्या. बॉनेटमधून वाफ. आत्याबाई पडल्या त्या उताराच्या डोक्यावरच्या वळणावर गाडी उभी करून इंजिन थंड होऊ द्यायलाच लागायचं. तिथे बघायला काही नाही. दरी आहे, पण तशी दरी इथे प्रत्येक वळणावर आहे. पर्यटक वैतागायचे, कुरकुर करायचे. तेव्हा एक ड्रायव्हर होता, त्याला सगळे 'रेडिओ' म्हणायचे, कारण तो बंद होत नसे. त्याने माणसं गुंतवून ठेवायला ही गोष्ट काढली. आत्याबाईंच्या नावासकट, कारण खरं नाव असलं की गोष्टीला वजन येतं. इंजिन जितका वेळ घेईल तितकी गोष्ट लांबायची. फारच तापलं असेल तर मुलीचा बाप मधे येऊन तिला कोंडायचा. थंडीच्या दिवसांत मुलगी लवकर उडी मारायची.

रेडिओ केव्हाच गेला. आता नव्या गाड्या तापत नाहीत, सरळ वर जातात. पण गोष्ट थांबली नाही, आणि गोष्टीसाठी गाडी थांबते. त्या वळणाला लोक उडी पॉइंट म्हणतात आणि तिकडे जायचं म्हणून आदल्या दिवशीच लॉजवर विचारणा होते.

हे मला ऐकून माहीत होतं. पण आमचे हे? हे नेहमी म्हणायचे, "मी त्यातला नाही. मी नुसती दरी दाखवतो." घरची बाई पर्यटकांच्या गाडीत कधी बसत नाही. खरं-खोटं कळायला मार्ग नव्हता. आणि आत्याबाई तर त्या वळणाकडे पडल्या त्या दिवसापासून फिरकल्याच नव्हत्या. गावातल्या इतरांनी सांगितलं तर त्या समजू शकत होत्या. पण ज्याला भरवून मोठं केलं, तोच 'सगळ्यात सुंदर' सांगतो!

संध्याकाळी हे आले. हात-पाय धुतले, चहाचा कप घेतला. मी निरोप सांगितला, पाटीवरच्या नावासकट. ह्यांनी कप खाली ठेवला.

"अगं, धंद्याची गोष्ट असते ती," हे म्हणाले. "सगळेच सांगतात. मी एकटा नाही सांगितली तर गिऱ्हाईक दुसऱ्या गाडीत बसेल."

"जिवंत माणसाला रोज ढकलता तुम्ही कड्यावरून!"

"मी कुठे ढकलतो? ती उडी मारते."

"कोण मारते?" आत्याबाई दारात उभ्या होत्या. दिवसभरात पहिल्यांदा बोलल्या.

ह्यांची मान खाली. "आत्या, तू म्हणजे ती नाहीस गं. नाव सारखं आहे फक्त. गोष्टीतली वेगळीच आहे. गोरी आहे, लांब केस आहेत..."

"म्हणजे मी काळी होते म्हणून बदललीस होय?"

मला हसू आलं, देवा माफ कर. ह्यांनाही येणार होतं, पण आत्याबाईंच्या चेहऱ्याकडे बघून आत गेलं.

"आणि संध्याकाळची हाक? ती कोण मारतं?"

"ते... वारा असतो आत्या."

"संध्याकाळी मी इस्त्री करत असते," आत्याबाई म्हणाल्या. "मला हाका मारायला वेळ नसतो. उद्या मी तुझ्या गाडीत बसणार. सूनबाई पण येईल. आम्हाला पॉइंट दाखव. आणि माझ्यासमोर सांग ती गोष्ट."

"आत्या, गाडी बुक आहे. गिऱ्हाईकं आहेत."

"मागे बसू. आम्हाला सवय आहे मागे बसायची."

रात्री हे मला म्हणाले, समजाव तिला. मी म्हटलं, मी देवाला समजावेन, आत्याबाईंना नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी मागच्या आडव्या बाकावर बसलो. एक जाडसर गृहस्थ, त्यांच्या पत्नी आणि कॉलेजातली मुलगी, असं त्रिकूट होतं. आम्हाला बघून त्यांच्या पत्नीने नाक जरा वर केलं. हे म्हणाले, "घरच्याच आहेत, पुढे उतरतील." मी ऐकून घेतलं. प्रवासात मी मनातल्या मनात जप करते. त्या दिवशी जप आणि राग एकमेकांच्या पायात येत होते.

खरं सांगायचं तर, माझं सारं आयुष्य या डोंगरात गेलं तरी पॉइंट असे ओळीने मी पहिल्यांदाच पाहिले. धबधब्याशी माणसं धबधब्याकडे पाठ करून उभी होती, फोटोसाठी. तळ्याशी त्या गृहस्थांनी विचारलं, "पाणी एवढंच?" जणू आम्ही उरलेलं लपवून ठेवलंय. गुहेत मुलीने भिंतीवर स्वतःचं नाव कोरायला किल्ली काढली. आत्याबाई आपल्या चिरक्या आवाजात म्हणाल्या, "बाळ, नाव असं कुठेही टाकू नये. लोक त्याचं काहीही करतात." मुलीने किल्ली खिशात घातली, पण तोंड असं केलं, जणू भूत तिथेच भेटलं.

मग चढ सुरू झाला. गाडी न तापता वर गेली आणि वळणावर थांबली. सवयीने थांबली, ह्यांच्या हातांनी आपोआप थांबवली. चौथरा तयार होता. त्यावर कापडात गुंडाळलेला पुतळा, दोन्ही हात पसरलेले. झाकलेला असूनसुद्धा असा अंगावर येत होता की मी डोळे मिटले.

"हाच ना तो?" मुलगी फोन वर धरून म्हणाली. "काका, सांगा ना. मी रेकॉर्ड करते."

हे गाडीतून उतरले. सुरुवातीला घसा साफ करतात तसा केला. "फार वर्षांपूर्वी..." म्हणाले, आणि थांबले. आत्याबाई गाडीतून उतरल्या होत्या आणि एक पाय ओढत कठड्यापर्यंत गेल्या होत्या. त्या दिवसानंतर पहिल्यांदा. खाली बघत होत्या. वारा सुटलेला, गवत कमरेएवढं वाढलेलं, कोणी कापायला नाही.

"फार वर्षांपूर्वी काय?" गृहस्थ म्हणाले.

"काही नाही," हे म्हणाले. "इथे काही नाही. दरी आहे. बघून घ्या."

"अहो, काही नाही म्हणजे? लॉजवाला म्हणाला इथली गोष्ट ऐकाच. त्याचे पैसे भरलेत आम्ही!"

"काका, प्लीज ना!"

आत्याबाई मागे वळल्या. मला वाटलं, पोराने लाज राखली म्हणून त्यांना बरं वाटेल. छे!

"खोटं गिळलंस," त्या म्हणाल्या, "पण खरं कुठे सांगितलंस? ते पण गिळणार?"

हे बुटाने माती उकरत राहिले. तेव्हा आत्याबाईच त्या मुलीकडे गेल्या. "घे, मी सांगते. फोन धर नीट. मी इथे गवत कापायला आले होते. घरी गाय होती. गवत ओलं होतं, पाय घसरला. त्या तिथे, ती फळी दिसते ना, तिथे पडले. पाय मोडला. ओरडून ओरडून आवाज गेला. दुसऱ्या दिवशी वर काढलं. माझ्या लग्नाची बोलणी झालेली होती, ती मोडली, कारण लोक म्हणाले मी उडी मारली. मी उडी मारली नाही. झालं."

मुलीने फोन खाली घेतला. मला वाटलं, आता ही माणसं जवळ येतील, त्या बाईचा हात धरतील, निदान पाय कसा आहे विचारतील.

गृहस्थांच्या पत्नीने आपल्या मुलीला हळूच म्हटलं, "त्या ड्रायव्हरची गोष्ट जास्त चांगली असेल. ही नेटवर नको टाकू, पुन्हा कुणाकडून तरी ऐकू."

आणि गृहस्थ ह्यांना म्हणाले, "म्हणजे इथे आत्महत्या झालीच नाही? मग थांबवलं कशाला?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी वहीत खोटं लिहीत नाही, म्हणून लिहिते: मी त्या बाईंना म्हटलं, "तुम्हाला मेलेलीच हवी होती तर आधी सांगायचं होतं, आम्ही ढकलून दाखवली असती." हे मला 'अगं अगं' करत गाडीत घेऊन आले. सूर्यास्त सगळ्यांनी गप्प बसून पाहिला. सूर्य बिचारा नीट मावळला. त्याला काही बदलून सांगावं लागत नाही.

घरी आल्यावर आत्याबाई म्हणाल्या, "उद्या समितीत जायचं. मला पुतळा नको, सत्कार नको. पाटीवरून माझं नाव काढायचं. बाकी त्यांचं ते बघतील."

"आणि ती गोष्ट?" मी म्हटलं. "तीही नको का थांबायला?"

"गोष्टीचे पाय माझ्यापेक्षा धड आहेत," त्या म्हणाल्या. "तिच्यामागे मला धावता येणार नाही. नाव तेवढं घेऊन येऊ."

समितीची कचेरी म्हणजे बस थांब्यावरची एक खोली. भिंतभर डोंगरांचे फोटो, आणि टेबलावर काच, काचेखाली अजून डोंगरांचे फोटो. अध्यक्ष लॉजवाले. आता यात संतापाची गोष्ट अशी की या अध्यक्षांच्या लॉजच्या चादरींना आत्याबाईच इस्त्री करतात. आठवड्याला यांच्या दारात गठ्ठा घेऊन जातात. ती मेलेली नाही हे अख्ख्या गावात यांच्याइतकं कोणाला माहीत नसेल! सेक्रेटरींना मात्र कुणी सांगितलंच नव्हतं. आत्याबाईंनी स्वतःकडे बोट दाखवून सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला की मला त्यांची पहिल्यांदा दया आली.

"तुम्ही?" ते म्हणाले. "पण मग... हाक?"

"हाक मी आता मारणार आहे," आत्याबाई म्हणाल्या. "ऐका."

अध्यक्षांनी खुर्ची ओढून दिली. "आत्या, तू आपली घरची. तुला काय सांगायचं? बाहेरच्यांना कुठे माहीत तू कोण! त्यांच्यासाठी ती मुलगी वेगळी, तू वेगळी. उलट गावाला तुझ्यामुळे चार घास मिळतात. पुण्याचं काम आहे."

पुण्याचं! मी हात जोडून बसले होते ते सोडले. "अहो, पुण्याचा अर्थ तुमच्याकडून शिकायचा का मी? जिवंत बाईचं भूत करून विकणं पुण्य?"

"वहिनी, चिडू नका. मी एक सुचवतो." अध्यक्ष आत्याबाईंकडे वाकले. "रविवारी पुतळ्यावरचं कापड तुझ्याच हातून काढू. गावातल्या ज्येष्ठ कष्टकरी महिला म्हणून. हार घालू. पेपरात फोटो येईल."

डाग न निघणाऱ्या चादरीकडे बघतात तसं आत्याबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. "म्हणजे माझ्या मरणाचा पडदा मीच ओढायचा?"

"तसं नाही गं..."

"कसं आहे मग? बघ, गोष्ट रेडिओची. पुतळा तुमचा. नाव माझं आहे, माझ्या आईने ठेवलेलं. ते मला परत दे."

"नाव काढलं तर गोष्टीत जीव काय राहिला?" अध्यक्ष आता खरं बोलले. "खरं नाव आहे म्हणून तर लोक मानतात. शिवाय पाटी रंगायला गेली. पाव्हणे बोलावलेत. आता काही होत नाही. सगळं झाल्यावर, पुढच्या हंगामात बघू."

पुढच्या हंगामात बघू! हे वाक्य या गावात म्हाताऱ्यांना सांगतात तेव्हा त्याचा अर्थ काय असतो ते सगळ्यांना कळतं. आत्याबाई टेबलाच्या काचेखालच्या डोंगरांकडे बघत बसल्या. त्यांच्याकडे सांगायला आणखी काही नव्हतं. खरं होतं, ते त्यांनी सांगून झालं होतं, कालही आणि आजही, आणि कुणाला ते नको होतं.

दार ढकलून हे आत आले. गाडी बाहेर उभी, इंजिन चालूच. गिऱ्हाईकं गाडीत. मला ठाऊक होतं ह्यांना सगळ्यांसमोर बोलण्याचा किती संकोच आहे. गोष्ट सांगताना नसतो, स्वतःचं बोलताना असतो.

"रविवारी मी येतो," हे म्हणाले.

"बघा!" अध्यक्ष म्हणाले. "समजूतदार माणूस."

"येतो, आणि माईकवर सांगतो. माझी आत्या इथे गवताला गेली होती, पाय घसरला, ती ही बघा समोर बसलीय. पाव्हण्यांसमोर सांगतो. नाव पाटीवर राहिलं तर."

"अरे, तूच रोज सांगत होतास की!"

"सांगत होतो," हे म्हणाले. खाली बघून म्हणाले, पण म्हणाले. "म्हणून तर लोक माझं ऐकतील."

बाहेर गाडीतल्या कुणीतरी हॉर्न वाजवला. सेक्रेटरी हळूच म्हणाले, "सर, नाव नाही घेतलं तरी चालेल. 'एक मुलगी' लिहू. 'एक मुलगी' पण भावतं लोकांना."

अध्यक्षांनी हात झटकला. "करा. करा 'एक मुलगी'. पण गोष्ट राहील."

"राहू दे," आत्याबाई उठल्या. ह्यांच्याजवळून जाताना थांबल्या, ह्यांच्या शर्टाची कॉलर एका बाजूला वळली होती ती सरळ केली, आणि म्हणाल्या, "जा. गिऱ्हाईकं ताटकळलीत."

मी अजूनही रागातच आहे, आणि ते इथे लिहून ठेवते. 'एक मुलगी' म्हणे! म्हणजे रविवारपासून या डोंगरातली कुठलीही एक मुलगी रोज तिथून उडी मारणार, आणि तिच्याशेजारी हात पसरून फोटो निघणार. परवाच मी ह्यांना विचारलं की आता तिथे काय सांगता. म्हणाले, थांबतच नाही, सरळ वर नेतो. गिऱ्हाईकं विचारतात, उडी पॉइंट राहिला की! मग म्हणतात, तो दुसऱ्या गाडीवाल्यांचा. दोन लॉजवाल्यांनी ह्यांना बोलावणं बंद केलंय. मी देवाला सांगितलंय की हे तू बघ. आणि तू बघत नसशील तर मी पुन्हा येते तुझ्यासमोर, रोज येणारच आहे.

आत्याबाईंना मी काल विचारलं, "तुम्हाला राग नाही येत हो? निम्मंच मिळालं."

"निम्मं कसं?" त्या म्हणाल्या. "नाव सगळं मिळालं. पण मिळालं म्हणतेय खरी. अध्यक्षाचा शब्द आहे तो, आणि त्याच्या चादरी मी धुते. त्याचा शब्द किती टिकतो ते मला माहीत आहे."

म्हणून त्या उद्या सकाळी पेंटरकडे जाणार आहेत. पाटीवरचं नाव पुसून होईपर्यंत समोर उभ्या राहणार आहेत.